निर्बंधांच्या काळात मुलं आजी-आजोबांकडे ठेवायची तर

जुलै २०२१, कोरोनाच्या निर्बंधांचे दिवस. प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या राजेंद्र नगरातलं जोडपं. ती बँकेच्या शाखेत रोज काउंटरवर, तो पीथमपूरला औषधांच्या कारखान्यात पाळ्यांवर. थोरली सात वर्षांची, तिची शाळा मोबाइलवर. धाकटा अडीच वर्षांचा. पाळणाघर मार्च २०२० पासून बंद. सासू-सासरे लोकमान्य नगरात, दोघांचेही दोन्ही डोस झालेले, सासऱ्यांना मधुमेह. दीर-जाऊ विजय नगरला, दोघंही घरून काम करतात, आणि ‘मग आमचाही तिथेच राहील’ असं त्यांच्या चार वर्षांच्या मुलाबद्दल म्हणताहेत. तिची देवासची आई महिनाभर येऊन राहायला तयार आहे. विचारलंय की हे नियमात बसतं का, मुलं कोणाकडे ठेवावीत, आणि जावेला काय सांगावं.

मी डॉक्टर नाही. सुदामा नगरात बरीच वर्षं पाळणाघर चालवते, सध्या त्याला कुलूप आहे. पण मुलांच्या आयांचे फोन काही बंद झाले नाहीत, आणि या सव्वा वर्षात अशा बऱ्याच घरांची घडी बसवून दिली आहे. त्यावरून लिहिते.

नियमाचं आधी उरकते. केंद्राच्या अनलॉकच्या सूचना जून २०२० पासून आल्या, त्यात एक वाक्य सतत होतं: ६५ वर्षांवरच्या व्यक्ती, इतर आजार असलेले, गर्भवती आणि १० वर्षांखालची मुलं यांनी अगदी गरज असल्याशिवाय घराबाहेर पडू नये. गंमत बघा, तुमच्या सोयीची दोन्ही टोकं त्या एकाच वाक्यात आली. पण तो सल्ला होता. माणसांचे आकडे जे येत राहिले, लग्नाला ५० आणि अंत्यविधीला २० असे, ते समारंभांसाठी. दोन नातवंडं आजीकडे जातात म्हणून कोणी दार ठोठावत नाही. दोनपैकी एखादं घर कंटेन्मेंटमध्ये, म्हणजे बाधित सापडले म्हणून सील केलेल्या भागात, गेलं तर मात्र बंद म्हणजे बंद, तिथे वाद नको. रात्रीचा कर्फ्यू असेल तेव्हा दुसऱ्या पाळीहून येताना मुलं उचलायला जायचं नाही, मुलं तिथेच झोपतील असं आधीच ठरवायचं. नियमांचा त्रास आहे तो एवढाच.

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न सरकारलाच सोडवावा लागला होता. तिथे सप्टेंबर २०२० मध्ये सहापेक्षा जास्त जणांनी एकत्र यायचं नाही असा नियम आला आणि कामावर जाणाऱ्या आयांनी लगेच विचारलं, मग आजीकडे सोडायचं की नाही? त्याच महिन्यात सवलत जाहीर झाली: १४ वर्षांखालच्या मुलांना सांभाळण्यासाठी दोन घरं जोडता येतील, मात्र कायम तीच दोन. आज आजीकडे, उद्या मावशीकडे, परवा शेजारी, असं नाही. त्या नियमातलं मला पटलेलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच. तिथे ते कायद्यात होतं, आपल्याला ते स्वतःहून पाळावं लागेल.

म्हणून मी सगळ्यांना सांगते, डोकी मोजू नका, घरं मोजा. लोकमान्य नगरात दोन नातवंडं आणि दोन म्हातारी माणसं मिळून चारच होतात, पण त्या चौघांच्या मागे बँकेचा काउंटर आहे, पीथमपूरची बस आहे, तिथे येणारी कामवाली बाई आहे, आजोबांचे सकाळच्या फिरण्यातले मित्र आहेत. एक कागद घ्या आणि दोन्ही घरांतलं प्रत्येक माणूस आठवड्यात कोणाच्या शेजारी पंधरा मिनिटं मास्कशिवाय बसतं ते लिहा. फक्त मास्कशिवाय आणि बंद जागेत, बाकीचं सोडा. भाजीवाला गेटवर येतो तो लिहायचा नाही. कंपनीच्या बसमध्ये खिडक्या लावून चाळीस मिनिटं झोपलेला नवरा लिहायचा. बँकेत दुपारी चौघी मिळून डबा खाता ते लिहायचं. काउंटरवर मास्क असतो, काच असते. जेवताना दोन्ही नसतं.

हा कागद केला की बहुतेक घरांत एकच गोष्ट दिसते: आजीला धोका मुलांपेक्षा मुलांच्या आईबापांकडून जास्त आहे. तिसरी लाट मुलांवर येणार म्हणून सगळे मुलांकडे डोळे लावून बसलेत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने मे २०२१ मध्येच सांगितलंय की ती लाट खास मुलांनाच गाठेल याला आधार नाही. मुलं आजार आणतात, पण तो त्यांच्याकडे येतो घरातल्याच मोठ्यांकडून. आणि कामवाल्या बाईला सव्वा वर्ष दाराबाहेर ठेवून, भिशीच्या बायकांना मात्र आत घेऊन चहा पाजणारी घरं मी पाहिली आहेत. बाईला मास्क द्या, तिची लस झाली का विचारा, नसेल तर नोंदणी करून द्या, खिडक्या उघड्या ठेवून काम करू द्या. भिशी पुढे ढकला.

आता मुद्द्याचं. सगळी व्यवस्था फसते ती संध्याकाळी सव्वासहाला. तुम्ही बँकेतून दमून येता, सासूबाई म्हणतात, ‘चहा तरी घे, एवढी दमून आलीस.’ चहाबरोबर सेव येते, सासरे समोर येऊन बसतात, दिवसभर काय झालं ते सांगणं सुरू होतं, मास्क हनुवटीवर येतो. मग नवऱ्याची पहिली पाळी असेल तर तोही तिथेच येतो, आणि रात्रीचं जेवून जायचा आग्रह होतो. दिवसभर मुलांनी जेवढा संपर्क घडवला नाही तेवढा या तासात होतो. आपल्याकडे दारातून परत जाणं म्हणजे अपमान, त्यामुळे हे आपोआप टळत नाही, ठरवून टाळावं लागतं. लोकमान्य नगरातलं घर जुन्या पद्धतीचं, ओटा आणि थोडं अंगण असलेलं असेल तर चहा ओट्यावर घ्या, वाऱ्यावर, चार हात लांब बसून. फ्लॅट असेल तर चहा थर्मासमध्ये घेऊन घरी जा. सासूबाईंना हे पहिल्या दिवशी नवऱ्याने सांगायचं, तुम्ही नाही. सुनेने सांगितलं तर तो तुटकपणा होतो, मुलाने सांगितलं तर काळजी होते. अन्याय आहे, पण असंच आहे.

मुलांची देवाणघेवाण दारातच करा. पिशवी ठरलेली, एकच: दोन जोड कपडे, त्याची नेहमीची गोधडी, डबा, पाण्याची बाटली. अडीच वर्षांच्या मुलाला मास्क लावायची धडपड करू नका, जून २०२१ मध्ये आरोग्य सेवा महासंचालनालयाने मुलांसाठीच्या सूचना काढल्या त्यात ५ वर्षांपर्यंत मास्क नकोच असं म्हटलंय. ६ ते ११ वर्षांच्या मुलांनी मोठ्यांच्या नजरेखाली लावावा. म्हणजे थोरलीने रिक्षात लावावा, आजीच्या घरात नाही लावला तरी चालेल. हात धुवा, पण भाजी, दुधाच्या पिशव्या, दाराच्या कड्या यांवर फवारे मारण्यात जीव घालवू नका; तोच जीव पावसाळ्यातही समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या ठेवण्यात घाला. आजार हवेतून पसरतो. कोंदट खोलीत सॅनिटायझरने काही होत नाही.

सॅनिटायझरवरून आठवलं, आणि हे मला सगळ्यात ठासून सांगायचंय. पाळणाघरवालीच्या नजरेने बघितलं तर आज आजी-आजोबांचं घर अडीच वर्षांच्या मुलासाठी दोन वर्षांपूर्वीपेक्षा जास्त धोक्याचं झालंय, आणि त्याचा संसर्गाशी काही संबंध नाही. सॅनिटायझरमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असतं, बाटली रंगीत असते, पंपाची असते, आणि ती नेमकी मुलाच्या हाताला येईल अशा चपलांच्या स्टँडवर असते. लहान मूल दोन घोट प्यायलं तर रक्तातली साखर धोकादायक उतरू शकते. वाफेचं मशीन घरोघरी आलंय, त्याची वायर टेबलावरून खाली लोंबते. कोणी ओढलं की उकळतं पाणी अंगावर. डिजिटल थर्मामीटरमध्ये बटणासारखा चपटा सेल असतो, तो गिळला गेला तर दोन तासांत अन्ननलिका भाजायला लागते. ते घरच्या उपायांवर थांबायचं काम नाही, थेट दवाखाना. आणि सासऱ्यांच्या मधुमेहाच्या गोळ्या. ग्लिमेपिराइडसारखी एक गोळी, फक्त एक, अडीच वर्षांच्या मुलाला बेशुद्ध करू शकते. म्हाताऱ्या माणसांच्या गोळ्या जेवणाच्या टेबलावर वाटीत काढून ठेवलेल्या असतात, विसरू नये म्हणून. त्या गोळ्यांचा डबा कपाटाच्या वरच्या कप्प्यात जाईपर्यंत मूल त्या घरात सोडू नका. एका रविवारी नवऱ्याने तिथे जाऊन गुडघ्यांवर बसून, मुलाच्या उंचीवरून, सगळं घर बघावं. न्हाणीघरातली भरलेली बादली, गॅसचा नळ, गच्चीचं दार. तासाभराचं काम आहे.

आजीला विचारण्याबद्दल. तुमच्या प्रश्नात ‘सासूबाईंची हरकत नाही’ एवढंच एक वाक्य आहे, आणि माझी शंका तिथेच आहे. कोणी विचारलं, कोणासमोर विचारलं? मुलाने फोनवर, स्पीकर चालू ठेवून, ‘आई, सांभाळशील ना?’ म्हटलं की कुठली आई नाही म्हणते. तिला एकटीला विचारा, आणि ‘नाही म्हणालात तरी आमच्याकडे दुसरी सोय आहे’ हे वाक्य जोडून विचारा. देवासची आई आहे, म्हणजे ते खोटंही नाही. मग तपशिलात जा. सकाळची पूजा कधी, दुपारी किती वेळ पडतात, गुडघे कसे आहेत. अडीच वर्षांचं मूल बारा-तेरा किलोचं असतं; ते दिवसातून वीसदा कडेवर घ्यायचं असेल तर आठ दिवसांत कंबर धरते. कडेवर घ्यायचं नाही, खाली बसून जवळ घ्यायचं, हे मुलालाही शिकवता येतं. आठवड्यातला एक दिवस आजीचा स्वतःचा, त्या दिवशी मुलं तुमच्याकडे. पहिल्या आठवड्यात फक्त अर्धा दिवस ठेवा. आणि पैशांचं: आईला पगार देणं आपल्याला जमत नाही, तिलाही रुचत नाही. पण दूध, फळं, किराणा, वरकामाच्या बाईचा वाढीव पगार हे सगळं तुमच्याकडून गेलं पाहिजे, न मागता, महिन्याच्या पहिल्या तारखेला.

आजोबांना ‘मदत करा’ म्हणू नका, एक काम द्या. थोरलीची ऑनलाइन शाळा त्यांच्याकडे. लिंक कुठून येते, माइक बंद कसा करायचा, वही कधी दाखवायची, एवढं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला चिकटवा. मधुमेह असलेल्या माणसाने मुलांबरोबर अरबट-चरबट खाऊ नये यासाठी मुलांचा खाऊही तुम्हीच पाठवा. आजी लाडू देणार, ते मी थांबवू शकत नाही.

आता थांबायचा नियम. हा लेखी करा आणि दोन्ही घरांत लावा. ताप, खोकला, घसादुखी, जुलाब, वास जाणं, यातलं काहीही दोन्ही घरांतल्या कोणालाही झालं की त्याच दिवशी ये-जा बंद. ‘साधाच असेल’ हे कोणी म्हणायचं नाही, तपासणी म्हणेल. जुलै आहे, मुलांची नाकं वाहणारच. नुसतं नाक वाहतंय, ताप नाही, खेळतंय, तर एक दिवस घरी ठेवून बघा. ताप असेल तर डॉक्टर, आणि डेंग्यू-मलेरियाचेही दिवस आहेत हे विसरू नका. ऑफिसात कोणी बाधित निघालं आणि तुम्ही त्याच्याबरोबर जेवला होतात, तर लक्षणं नसली तरी पाचव्या ते दहाव्या दिवसात चाचणी करा आणि १४ दिवस मुलांना आजीकडे पाठवू नका. पाठवू नका म्हणजे मग कोण घरी राहणार? हे आजच ठरवा. पहिले तीन दिवस कोणाची रजा, पुढचे कोणाची. बहुतेक घरांत हे ठरलेलं नसतं, म्हणून खोकला लपवला जातो. माणसं वाईट नसतात, त्यांच्याकडे रजा नसते.

लशीबद्दल. सासू-सासऱ्यांचे दोन्ही डोस झालेत हे उत्तम, दुसऱ्या डोसनंतर दोन आठवडे जाऊ द्या. पण तुम्हा दोघांचं काय, ते प्रश्नात नाही. १ मे २०२१ पासून अठरा वर्षांवरच्या सगळ्यांना आहे. कोविशिल्डच्या दोन डोसांत १२ ते १६ आठवडे जातात, म्हणजे आज पहिला घेतला तरी दुसरा दिवाळीच्या तोंडावर येईल. उद्याच जा. मुलांना अजून लस नाही, तेव्हा त्यांच्याभोवतीची मोठी माणसं लस घेतलेली असणं हेच त्यांचं संरक्षण. आणि कोरोनाच्या लशीच्या नादात धाकट्याचा दीड वर्षाचा बूस्टर आणि गोवर-रुबेलाचा दुसरा डोस राहिलाय का, हे कार्ड काढून बघा. लॉकडाऊनमध्ये बऱ्याच मुलांचे राहिलेत.

जावेचं. तिचा मुलगा आला की तिसरं घर जोडलं जातं, आणि तिसऱ्या घराबरोबर त्यांच्या सोसायटीची लिफ्ट, त्याच्या आईची आई, सगळं येतं. शिवाय एका आजीने तीन मुलं, त्यात एक अडीच आणि एक चार वर्षांचा, दिवसभर बघणं हे संसर्ग नसता तरी मी नको म्हटलं असतं. माझ्या पाळणाघरात या वयाच्या तीन मुलांना दोन बायका असतात आणि त्यातली एक तिशीतली असते. दीर-जाऊ घरून काम करतात. त्रास त्यांनाही आहे, मीटिंगमध्ये मूल मांडीवर घेऊन बसणं सोपं नाही. पण तुम्हाला घरी बसायचा पर्यायच नाही. पहिला हक्क ज्यांना बाहेर जावंच लागतं त्यांचा, या तत्त्वावर मी ठाम आहे. हे तुम्ही जावेला सांगू नका आणि सासूबाईंवर तर मुळीच ढकलू नका. भावाने भावाला सांगायचं, स्वच्छ शब्दांत, मुदत घालून: गणपतीपर्यंत असं, मग पुन्हा बसू. सोबत काहीतरी देऊ करा. रविवारी दुपारी तुमच्यापैकी एकाने त्यांच्या मुलाला बागेत, मोकळ्यावर, दोन तास घेऊन जाणं हे जमण्यासारखं आहे. जाऊ रागावेल. पण आजी आडवी पडली तर दोन्ही घरांची सोय जाते, हे तिलाही कळतं.

राहिली देवासची आई. तिला कायमची ठेवून घेणं मला पटत नाही. तुमचा फ्लॅट दोन खोल्यांचा असेल तर बँक आणि पीथमपूर दोन्ही तिच्याच शेजारी झोपणार, आणि लोकमान्य नगरात निदान तुम्ही रात्री वेगळ्या घरात असता. तिला राखीव ठेवा. तुमच्या घरात कोणी आजारी असताना तिला बोलवायचं नाही, ते उलटं होईल. ती हवी ठरवून घेतलेल्या दिवसांसाठी. यंदा, २०२१ मध्ये, गणपती १० सप्टेंबरला आहेत. सासरी गणपती बसत असेल तर दर्शनाला माणसं येणारच, कितीही नाही म्हटलं तरी, आणि सासूबाईंचे हात नैवेद्यात अडकलेले असणार. त्या दिवसांत मुलं तिथे ठेवू नका. आईला ऑगस्टअखेरीस यायला आत्ताच सांगून ठेवा. तिचं येणं आणि गणपती यांच्यामध्ये आठवडाभर जावा लागतो. धाकट्याने या आजीला सव्वा वर्ष फक्त व्हिडिओ कॉलवर बघितलं असेल, तर पहिले दोन दिवस तो तिच्याजवळ जाणारच नाही.